कारखान्यावरच्या खोलीतले कान

बाबा, मी डॅक घेतला. संगीत आता आकड्यांत साठवलेले असते. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून देणारी ही लहानशी पेटी. ती निवडताना जे घडले त्याच्याशी तुमचा संबंध येतो, म्हणून लिहीत आहे.

पूर्णा गावात एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर दुकान आहे. लेक सोबत होती. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने विक्रेत्याच्या शब्दावर वस्तू घेऊ नये, एवढे मला कळते. दोन्ही डॅक कापडाखाली झाकावेत, एकच गाणे आलटूनपालटून लावावे आणि कोणता चालू आहे ते सांगू नये, अशी अट मी घातली. दुकानदार हसला. "काका, तुम्ही तर बिचाऱ्या डब्यांची उलटतपासणी घेताय." प्रत्येक फेरीत मी एकच डॅक निवडला, त्याचा स्वर मला भरीव वाटला. निर्णय झाला, असे मी म्हणालो. तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तो चांगला नाही, नुसता मोठा वाजतोय." दुकानदाराने मोबाइलवर आवाज मोजून दोन्हींचा सारखा केला. त्यानंतर मला काहीही फरक कळेना. तिला कळत होता. "दुसऱ्यात झांज कशी विरत जाते, ते ऐका ना." मी ऐकत होतो. झांज वाजली एवढे कळले; विरताना ती मला सोडून गेली. "वय आहे काका, टेन्शन नका घेऊ," दुकानदार म्हणाला. वय हे एक कारण झाले. एकमेव नव्हे.

मी शाळकरी आहे. धामणकर नाक्यामागे खाली आपला यंत्रमागांचा, लूमचा कारखाना, वर आपली खोली. फरशी थरथरते, मांडणीवरचे पेले सरकत सरकत कडेला येतात, आई हाताच्या खुणेने जेवायला बोलावते. वीज जाऊन लूम थांबले की आम्ही भावंडे शांततेनेच दचकून जागी होतो, आणि त्या शांततेत माझ्या कानात शिट्टी वाजत राहते. ते मी सांगतो तेव्हा आई म्हणते, "दापोड्याच्या घरान जाऊन ऱ्हाऊ. पोराचं कान जातील." तुम्ही म्हणता, "न्हाय जायाचा. वर झोपलो का मना कलतं, कंचा लूम बंद परला." मग माझ्याकडे वळून, "कान किटलं तुझं? न् खातोस कशावर? ह्या आवाजावरच ना?"

तुमचा युक्तिवाद मी नंतर पुष्कळदा तपासला. लूम पोट भरतात, हे विधान खरे. म्हणून त्यांच्या आवाजाने कान जात नाहीत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दापोड्याचे आपले गावचे घर रिकामे होते. लूमवर कान ठेवायला तुम्ही एकटे राहिला असता तरी चालले असते. हे तेव्हा कोणी बोलले नाही, कारण तुमच्यापुढे बोलायचे तर ओरडावे लागे, आणि ओरडणाऱ्याचे म्हणणे तुम्ही उद्धटपणात जमा करीत असा.

मी मॅट्रिक झालो तेव्हा तुम्ही ट्रान्झिस्टर घेतलात. पसंतीसाठी नाक्यावरून दोन आणलेत, लूम चालू ठेवून दोन्ही वाजवलेत, आणि लूमच्या वरताण ओरडणारा माझ्या हातात दिलात. "ह्यो बेस. लूम चालू हाय तरी आयकू येतो." दुसऱ्याचा आवाज अधिक गोड होता. तेव्हा मला एवढे ऐकू येत असे.

लेकीने निवडलेलाच डॅक मी घेतला. निवाडा पुराव्यावर व्हावा. तुम्हाला माफ करण्याइतका पुरावा मात्र मला अजून सापडलेला नाही. तुम्हाला वाचता येत नव्हते. आज तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावे लागले असते, तुमच्या कानाशी, ओरडून, आणि शेवटी तुम्ही "काय?" एवढेच विचारले असते. तेव्हा ते इथेच राहू दे. एक गोष्ट लेकीला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगतो. ती घरी नसली की मी आवाज वाढवतो. मोठा झाला की तो मला चांगला वाटतो.