फूटभर उंचीचं अक्षर

पंचवटी, नाशिक
७ नोव्हेंबर २०२४

ती. तात्यांस,
पुतणी हर्षालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे मेसेज तुम्ही ‘मुंग्या’ म्हणून बाजूला सारता, म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. बातमी चांगली नाही. काकूला एवढ्यात वाचून दाखवू नका. ती पहिल्या एसटीने मला न्यायला येईल.

आमच्या द्वारका चौकाजवळच्या ऑफिसात मी आजवर दुसऱ्यांच्या नकाशांच्या प्रिंट काढत होते. दसऱ्याला सरांनी पहिल्यांदा एक अख्खं घर माझ्या हाती दिलं. विमलाबाई म्हणून निवृत्त नर्स आहेत, त्यांना म्हसरूळला घर बांधायचंय. त्यांची अट एकच. आईचा सागवानी पलंग बसेल असा कोनाडा हवा, बाकी घर कसंही काढा. पलंग सव्वासहा फुटांचा, मी कोनाडा साडेसहा फुटांचा काढला. बरोबर काढला हो, तात्या!

घात झाला तो छापताना. मी अक्षरांचा आणि चौकटीचा तयार साचा दुसऱ्या घराचा उचलला. तो १:५० चा आणि माझा कागद १:१०० चा, म्हणजे घराच्या शंभरपट लहान, त्यामुळे सगळी अक्षरं ठरल्याच्या निम्मी उमटली. त्यात चौकट कागदाबाहेर जात होती. घर बांधणारे कारभारी मिस्त्री कागद न्यायला दारात गाडी चालूच ठेवून उभे. मी घाईत ‘पानात बसवा’ हे बटण दाबून मोकळी झाले. त्याने अख्खं घर आक्रसलं, शंभरातले सात भाग गेले, कोपऱ्यात मात्र १:१०० तसंच! मिस्त्रींना आकडे दिसेनात. विचारायचं सोडून त्यांनी खिशातली पट्टी कागदावर ठेवली आणि त्या मापाने जमिनीवर फक्कीच्या रेघा मारल्या.

परवा विमलाबाई टेम्पोत घालून पलंगच घेऊन आल्या आणि कोनाड्याच्या रेघांत ठेवायला लावला. तात्या, पलंगाचे पाय रेघेबाहेर! त्या नुसत्या पलंगावर बसून राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरांनी पंधरा दिवस दिलेत. कागद नव्याने करायचे, आणि आखणी पुरी होईपर्यंत मिस्त्रींचा ‘हे काय लिहिलंय’ म्हणून एकदा जरी फोन आला, तर पुढची घरं ऑफिसातल्या रविराजला आणि मी परत प्रिंटच्या मशीनपाशी. रविराज मनाने वाईट नाही, पण माझ्या खिडकीजवळच्या टेबलाकडे तो आत्तापासूनच बघतोय.

तुम्ही पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे गिरवलेत. सांगा, मी काय करू? रागवा हवं तर, पण उत्तर लवकर धाडा.

तुमचीच,
हर्षाली


सटाणा
११ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला लगेच वाचून दाखवलं. तू नको म्हणालीस म्हणूनच दाखवलं. ती खरंच निघाली होती, पिशवी मी माळ्यावर टाकली. आता सारखं एकच विचारते, पोर येळवर जेवस ना?

अगं, रडलीस की काय? कागदावर दोन जागी शाई फुटलीय. ऐक, पहिल्या वर्षी मी एका पाटचारीच्या नकाशावर उत्तर दिशा उलटी दाखवली होती. साहेबांनी तो कागद महिनाभर माझ्याच टेबलासमोर भिंतीला लावून ठेवला. हे काकूलाही माहीत नाही, तेव्हा तोंड बंद ठेव.

बटणाला दोष देऊ नकोस. तू घर आधी काढलंस आणि अक्षरं उरल्या जागेत कोंबलीस. आमचं उलटं असे. माझ्या डब्यात पत्र्याच्या तीन पट्ट्या असायच्या, तीन मिलिमीटरची, पाचची आणि सातची. पट्टीच्या उंचीने पेन्सिलीच्या दोन रेघा मारायच्या आणि त्यांच्यामध्ये अक्षर बसवायचं. मापं तीनने, जागांची नावं पाचने, मथळा सातने. धरण असो नाहीतर मोरी, कागदावरचं अक्षर तेवढंच. नकाशा लहानमोठा होतो, वाचणाऱ्याचे डोळे तेच असतात. तुझा मिस्त्री उन्हात उभा आहे, एक हात सिमेंटने भरलाय, चष्मा घरी राहिलाय. आधी त्याला डोळ्यांपुढे आण आणि मग लिहायला बस.

दुसरं म्हणजे, कागदावरच दहा फुटांची काळीपांढरी मापपट्टी काढ. कागद आक्रसला तर तीही आक्रसेल आणि मिस्त्रीला ताडून बघता येईल. आणि कागद देण्याआधी पन्नाशी उलटलेल्या कुणाकडून तरी बिनचष्म्याचा वाचून घे.

डोळे पूस आणि कामाला लाग. जेवणाचं खरं खरं कळव, नाहीतर पिशवी माळ्यावरून खाली येईल.

तुझा,
तात्या


पंचवटी
१६ नोव्हेंबर २०२४

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

पोर वेळेवर जेवते. काकूला सांगा, मेथीचे लाडू संपले.

तुमच्या पट्ट्यांनी आधी माझी चांगलीच फजिती केली! कॉम्प्युटरात घर खऱ्या मापाचं काढतात, म्हणजे दहा फुटांची भिंत दहा फुटांचीच. मी शहाणीने अक्षराची उंची पाच लिहिली आणि ‘स्वयंपाकघर’ टाइप केलं. काहीच दिसेना. परत केलं, तरी नाही. अकरा वेळा केलं. मग वैतागून चित्र मोठं करत करत आत गेले, तर ओट्याखाली अकरा स्वयंपाकघरं एकावर एक, तांदळाच्या कणीएवढी! रविराज इतका हसला की त्याचा चहा सांडला.

मग डोक्यात उजेड पडला. कागद शंभरपट लहान होणार, तर अक्षर शंभरपट मोठं लिहायला हवं. तीनाचे तीनशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर. तात्या, मी विमलाबाईंच्या घरात फूटफूट उंचीची अक्षरं लिहितेय! जिन्याचा कागद १:२० चा, तिथे तेच अक्षर साठचं. हा गुणाकार कॉम्प्युटर स्वतःही करतो, फक्त अक्षर कागदावर केवढं हवं आणि कागद कुठल्या मापाचा, हे त्याला आधी सांगून ठेवायचं. ते सांगायचं असतं हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तुमची तीन, पाच आणि सात तिन्ही त्यात कायमची बसवलीत. मापपट्टीही काढली. ‘पानात बसवा’कडे ढुंकूनही बघितलं नाही. छापल्यावर फूटपट्टी लावली, तंतोतंत!

परीक्षेला कागद खालच्या भाजीवाल्या झुंबरमावशींपुढे धरला. त्यांनी तराजूपलीकडून, चष्म्याशिवाय, घडाघडा वाचला, आणि वर म्हणाल्या की एवढ्याशा स्वयंपाकघरात बाई वळणार कशी. आता झुंबरमावशींना कोण समजावणार!

सोमवारी कागद मिस्त्रींच्या हातात जातील. देवाला सांगा, त्यांचा फोन बंद पडू दे.

तुमची घाबरलेली,
हर्षाली


सटाणा
२१ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

फोन आला का? पोस्टमन मला बघून आता रस्ता बदलतो. मी उगाच कुणाचा फोन बंद पडावा म्हणून देवाला सांगणार नाही. कागद चांगला असेल तर मिस्त्री विचारील कशाला?

एक गोष्ट लिहायची राहिली होती. आमच्या नकाशांच्या कोपऱ्यात सह्यांचे चार चौकोन असत, चारही साहेबांचे. गिरवणाऱ्याला चौकोन नव्हता. तीस वर्षांत माझं नाव एकाही कागदावर गेलं नाही. त्याचं वाईट वाटलं नाही असं आजवर सगळ्यांना सांगत आलो, ते खोटं आहे. फार वाटलं. तू मात्र जिंकलीस तर कोपऱ्यात तुझं नाव लिहून घे, लाजू नकोस.

काकूने लाडू एसटीने पाठवलेत. रविराजलाही दे, हसला तरी.

तात्या


पंचवटी
३० नोव्हेंबर २०२४

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

तात्या, जिंकलो!

सहा दिवस मिस्त्रींचा फोन नाही. ऑफिसात घंटी वाजली की मी आधी नंबर बघायची. सातव्या दिवशी आलाच. सरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. कारभारी मिस्त्री म्हणाले, विचारायचं काहीच नाही, आज सकाळी धरलेली आखणी जेवायच्या आतच उरकली. विमलाबाईंनी पुन्हा तोच टेम्पो, तोच पलंग आणला. पलंग कोनाड्यात बसून वर तीन इंच उरले. बाई त्यावर चक्क आडव्या झाल्या, भर उन्हात, डोक्यावर छप्पर नसताना, आणि अर्धा तास कुणाला हलवू देईनात! फोन ठेवण्याआधी मिस्त्रींनी सरांना बजावलं की यापुढे कागद याच अक्षरांत धाडा, नाहीतर हातात घेणार नाही.

सरांनी मला आणखी दोन घरं दिली. कोपऱ्यात ‘रेखाटन: हर्षाली’ असं लिहायची परवानगीही दिली. पण खरी गंमत पुढेच आहे.

तीच अक्षरं सगळ्यांनी वापरावीत म्हणून सर माझ्या कॉम्प्युटरवर बसले. नवीन अक्षर बसवताना कॉम्प्युटर त्याचं नाव विचारतो. ते मी माझ्या मनाने देऊन टाकलं होतं, तुम्हाला लिहायची हिंमत झाली नव्हती. सरांनी यादी उघडली आणि मोठ्याने विचारलं की हा सावळीराम कोण, मी नवीन माणूस कामाला घेऊन विसरलो की काय. यादीत ओळीने होतं: सावळीराम ३, सावळीराम ५, सावळीराम ७.

मग मी सगळं सांगितलं. पट्ट्यांचं, चार चौकोनांचं.  सरांनी तिथल्या तिथे नियमच केला की ऑफिसातून एकही कागद सावळीरामशिवाय बाहेर जाणार नाही. तेव्हापासून रविराज दिवसभर खोलीच्या त्या टोकाकडून ओरडून विचारतोय, मथळा सावळीराम सात ना, आणि जिन्याची मापं सावळीराम तीन ना. तात्या, रोज आठ-दहा कागद तुमच्या नावाने लिहिले जाताहेत आणि नाशिकभर मिस्त्री ते चष्म्याशिवाय वाचताहेत.

सोबत विमलाबाईंच्या घराचा कागद घडी करून ठेवलाय. पट्टी लावून बघा. आता तुम्ही रडू नका म्हणजे झालं.

तुमची आनंदात असलेली,
हर्षाली


सटाणा
५ डिसेंबर २०२४

चि. हर्षालीस,
पोटभर आशीर्वाद.

कागद मिळाला. पट्टी लावली. तीनचं तीन, पाचचं पाच, सातचं सात. मापपट्टीही चोख. ‘स्वयंपाकघर’ मधला ‘स्व’ मात्र पुढच्या अक्षराला चिकटलाय, तो सुटा कर.

काकूचं म्हणणं, तिन्ही अक्षरांना माझंच नाव कशाला, एखाद्याला तिचं, सिंधुबाई हे नावही चाललं असतं, लाडू कुणी वळले? तिचा हट्ट पुरवलास तर बरं, घरात मला राहायचंय. तिने तुझा कागद बाजारात नेऊन तीन दुकानांत दाखवला. लसणाचा डाग तिचाच आहे, माझा नाही.

पत्र्याचा डबा आज उघडला. बारा वर्षांनी. पाचची पट्टी जरा गंजलीय, घासून पुसून तिन्ही तुला पाठवतो. तुझ्या टेबलावर ठेव, खिडकीजवळ. पाठवण्याआधी एकच काम करून घेतलं. सातची पट्टी मी आजवर धरणांच्या आणि कालव्यांच्या नावांसाठीच वापरली होती. आज तिने पेन्सिलीच्या दोन रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये ही सही काढली. ताडून बघ, अक्षर रेघेबाहेर गेलेलं नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

सावळीराम