तळाला बांधलेलं

सोमवार, ३

बोटीवर स्वयंपाकिणीची नवी नोकरी, नवी वही. बोट पाहून जीव हरखला. पांढरीशुभ्र आहे, आणि स्वयंपाकघर हातभर असलं तरी चकचकीत. माझ्यासारख्या सोवळ्या नाकाच्या बाईला आणखी काय हवं? बारा पाहुण्यांना घेऊन सहा दिवस बेटाबेटांतून फिरायचं, देवमासे दाखवायचे. कप्तान गोडबोल्या आहे. देवमासा रोज दिसणारच, असं छातीठोक सांगतो. इंजिन सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. ते बोलतात कमी, बघतात जास्त. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत, रविवारी घरी पोचायलाच हवं, हे मी आधीच सांगून टाकलं. कप्तानाने शब्द दिला. लेकीलाही मी तसंच कबूल करून आलेय.

मंगळवार, ४

दिसली! देवमाशाची मादी, बोटीपेक्षाही लांबलचक. अगदी जवळ येऊन तिने श्वास सोडला, त्याचा चिकट फवारा आमच्या तोंडावर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मी नाक दाबलं. ती लांब गेली तरी वास राहिलाच. भांडी विसळायला समुद्राचं पाणी ओढलं, तर बादलीत पिवळट तवंग. मोरी दोनदा फिनेलने घासली, फ्रीज रिकामा करून पुसला. व्यर्थ.

बुधवार, ५

पुन्हा तीच. शेपटीचा एक तुकडा गेलेला, त्यावरून ओळखली. दिवसभर बोटीभोवती घिरट्या घालते, बोटीच्या तळाशी तोंड नेते. हीच कशी रोज येते, असं कप्तानाला विचारलं, तर म्हणाला, तुमच्या सूपचा वास लागला असेल. मागच्या कठड्यावरून मनगटाएवढा दोर पाण्यात गेलाय. मामांनी त्याला हात लावू नका म्हणून बजावलं. पावालाही आता तोच वास येतो.

गुरुवार, ६

बादलीत कातडीचा तुकडा आला. भिजल्या पावासारखा मऊ, बोटांत विरघळला. मी मामांना धरून बसवलं. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "पिल्लू आहे, ताई. मेलं तरी आई सोडून जात नाही. म्हणून जाळ्यात घालून तळाला बांधतो. दर मोसमात एक."

आपोआप मरतं का, असं विचारलं. ते उठून इंजिनाकडे गेले.

दोनदा ओकले. हात धुऊन धुऊन सोलवटले. वास नखांत बसलाय. शी! आणि मी त्याच पाण्यात ताटं विसळत होते.

शुक्रवार, ७

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर पावाच्या सुरीने दोर कापला. ते वर आलं, फुगलेलं, उलटलं, फुटलं. कठड्यावर चरबी उडाली, माझ्या ओठांवरही. मग बुडालं. आई त्याच्यामागे खाली गेली. सुटलो म्हटलं.

तासाभरात परत आली.

कप्तान ओरडला नाही, पांढराफटक पडला. इतक्या मोसमांचं कुजकं तेल बोटीच्या लाकडात मुरलंय, असं मामा म्हणाले. पिल्लाचा वास तर बोटीलाच आहे.

शनिवार, ८

सकाळी बोट अलगद उचलली गेली. देवमाशाच्या मादीच्या डोक्यावर. इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर हवेत फिरला, इंजिन किंचाळून बंद पडलं. खाली ठेवते, पुन्हा उचलते. पिल्लासारखं श्वास घ्यायला लावतेय आम्हाला. रेडिओची काठी मोडली. पाहुणे रडताहेत, टाळ्या वाजवणारेच. ढकलत नेतेय. बेटं मागे, लहान —

लेक वाट बघत असेल.

रविवार, ९

बेट दिसत नाही. कुठलंच.

मोरीतून पांढरं काहीतरी वर येतंय. दाट, गरम, तेलकट, मासळीच्या घाणीचं. चारी बाजूंनी पाणी तसंच. घोट्यापर्यंत —

दूध आहे. बोटीला पाजतेय.

तोंडात गेलं. थुंकले. जात नाही —

मामा हसताहेत की रडताहेत कळत नाही. म्हणाले, "पोट भरलं की आई पिल्लाला बुडी मारायला शिकवते."

बोट पुढून कलतेय. हळू, सांभाळून. खिडकीत हिरवं पाणी. लेकीला कुणीतरी सांगा, मी कबूल केल्याप्रमाणे आज निघा —