ज्याच्यावर पट्टा नव्हता

शुक्रवार संध्याकाळ, राजेंद्र नगर

शाळेत शिकवत असताना मधल्या सुट्टीत मी आणि कुसुम एकाच डब्यातून सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खायचो. आमच्या शाळेत पगार सरकारचा, इमारत संस्थेची. म्हणून सरकारी सामानावर हिरवा पट्टा, संस्थेच्या सामानावर पिवळा. कुसुम हसायची, "अगं, आपल्या पाठीवर कोणता मारतील?"

आज शाळा कायमची बंद झाली. हिरव्या पट्ट्याचं सामान सरकारी ट्रकमध्ये गेलं, पिवळं संस्थेच्या गोदामात. बाजाची पेटी तेवढी व्हरांड्यात राहिली. ती आम्ही दोघींनी घेतलेली, तिच्यावर पट्टाच नाही.

कारकून म्हणाला, "मॅडमजी, ये किसकी है? भंगारात देऊन टाकू?"

मी पेटी रिक्षात घालून घरी आणली. आता महूला राहणाऱ्या कुसुमला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, "आणि मुलं गं?"

काय सांगू? सरकार म्हणतं, मुलं संस्थेनं बघावी. संस्था म्हणते, सरकारनं. त्यांच्यावरही पट्टा नव्हता, हे आधी कसं सुचलं नाही मला?

पेटी महूला कुसुमकडे द्यायची. माझ्याकडे उरलेले रंगीत खडू माझ्या वर्गातल्या, परदेशीपुऱ्याच्या आरतीला, तिच्या घरी जाऊन. ट्रक गेल्यावरही ती दप्तर घेऊन फाटकापाशी उभी होती.