चिकटपट्टीचे दोन थर

९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू वाद घालतेस, म्हणून पत्र.

आपल्या कारखान्याला आयएसओचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं आहे. ठरलं म्हणजे ठरवावं लागलं. रुग्णालयांसाठी ऑक्सिजनची उपकरणं बनवणारी कंपनी आपल्या निम्म्याहून जास्त रबरी कड्या घेते. प्रमाणपत्र नसलेल्यांकडून या वर्षानंतर माल घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. ते गिऱ्हाईक गेलं तर रबर साच्यात दाबणारे दोन्ही प्रेस बंद ठेवावे लागतील आणि माणसं घरी पाठवावी लागतील. बाबांनी ते पत्र वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवून दिलं. पॉलिमरचं शिक्षण घेतलेली मुलगी घरात असण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा, असं म्हणाले.

काम अवघड नाही, चिकट आहे. जे करतो ते लिहायचं, जे लिहिलं तेच करायचं, आणि तसं केल्याचा पुरावा ठेवायचा. मी रोज एका माणसाच्या मागे उभी राहते आणि तो काय करतो ते टिपते. मिक्सिंगवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं की पगार कापायचा विचार आहे का. प्रेसवाला म्हणाला, लग्नाआधी सासूसुद्धा इतकी निरखून बघत नव्हती.

बाबांचं टेबल तुला आठवत असेल, खिडकीजवळचं. संध्याकाळी सगळ्या कड्या अजूनही तिथेच येतात. ते डोळे मिटतात, प्रत्येक कडी अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा फिरवतात. साच्याच्या सांध्यावर रबराची बारीकशी धार राहिली असेल तर कडी लाल डब्यात, नाहीतर पेटीत. मग पॅकिंगच्या मावशी पेटीला चिकटपट्टी लावतात. बाबांच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही पेटी बंद होत नाही. मी तसंच लिहिलं: अंतिम तपासणी, मालक, स्पर्शाने. बाबांनी ते पान वाचून सही केली आणि आपण आता रीतसर झालो, असं म्हणाले.

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझी भाची

---

२ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एवढं सरळ रेषेत लिहिलेलं पत्र मला आजवर फक्त आयकर खात्याकडून आलं आहे. गुडघा तसाच आहे. जिना उतरताना मी त्याला शिव्या देते, चढताना तो मला देतो.

माझ्या धाकट्याचं, तुझ्या बाबांचंही पत्र आलं. तुझं कौतुक दोन ओळी आणि तक्रार दीड पान. पोरगी मला माझ्याच कारखान्यात साहेबासारखी प्रश्न विचारते म्हणे. मला बरं वाटलं. त्याला लहानपणापासून कुणी काही विचारलेलंच नाही. तो अंगाला नुसता हात लावून ताप सांगायचा आणि आईसुद्धा थर्मामीटर कपाटात ठेवायची.

आता एक गंमत नसलेली गोष्ट. त्याचं अक्षर बघितलंस का? पेन इतकं दाबलं आहे की कागदाच्या मागून हात फिरवला तरी वाचता यावं. आणि सहज म्हणून लिहिलं आहे की चहाच्या पेल्याने बोटाला फोड आला, कधी आला ते कळलंच नाही. मी आयुष्यभर वॉर्डात नर्स होते. पेल्याने भाजलं आणि कळलं नाही, असं कुणी सांगितलं की मी आधी त्याची साखर तपासायची. तू त्याची बोटं बघ. विचारू नकोस, बघ. विचारलंस तर तो हात खिशात घालेल.

तुझी आई असती तर हे मला इतक्या लांबून लिहावं लागलं नसतं. आता त्या घरात तुम्ही दोघंच, आणि दोघंही बोलण्यात कंजूष.

तुझी आत्या

---

१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कामाचं आधी सांगते. मिक्सिंगच्या खोलीत आता रबराच्या प्रत्येक गोळ्यावर चिठ्ठी आहे, कधी मळला, कुणी मळला, त्यात काय घातलं. पूर्वी माल बिघडला की प्रेसवाला मिक्सिंगवाल्याला बोल लावायचा आणि मिक्सिंगवाला हवेला. गेल्या आठवड्यात रबराचा एक घाणा कडक निघाला. चिठ्ठी बघितली, गंधक दोनदा पडलं होतं. भांडण चहा उकळायच्या आत संपलं. आता माणसं स्वतःहून चिठ्ठ्या लिहितात. प्रेसवाल्याने तर डब्यावरही लिहून ठेवलं आहे की जेवण त्याचं आहे.

आता दुसरं. परवा छत्री विसरले म्हणून संध्याकाळी कारखान्यात परत गेले. बाबा घरी निघून गेले होते. मावशी बाबांच्या टेबलाशी बसून बंद केलेल्या पेट्या पुन्हा उघडत होत्या. एकेक कडी भिंगाखाली धरत होत्या, बोटाने चाचपत होत्या. खराब निघालेली बाजूला काढून तिच्या जागी चांगली ठेवत होत्या. मग पेटीवर नवी चिकटपट्टी.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. बसा म्हणाल्या. मागच्या वर्षी बाबांनी पास केलेल्या पेटीत त्यांना धार असलेली कडी दिसली होती. दमले असतील, असं त्यांना वाटलं. मग पुन्हा दिसली. तेव्हापासून रोज हे चालू आहे. मिक्सिंगवाल्याला माहीत आहे, प्रेसवाल्याला माहीत आहे. साहेबांना कोण सांगणार, असं त्यांनी मलाच विचारलं. मी छत्री घेऊन निघाले.

तू सांगितल्याप्रमाणे मी बाबांची बोटं बघितली. फोड तसाच आहे आणि त्याच्या शेजारी एक नवा आहे.

नियमाप्रमाणे ही दुसरी तपासणी पद्धतीत लिहायला हवी. पण प्रत्येक पानावर बाबांची सही लागते आणि ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत. मी ते पान पाच वेळा लिहायला घेतलं. शेवटी होतं तसंच ठेवलं.

तुझी भाची

---

२९ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

लिही. ते पान लिही आणि त्याच्या हातात दे.

मी वॉर्डात होते तेव्हा एकदा ऑक्सिजनच्या सांध्यातून हवा निसटत होती. बारीक आवाज होता. पलंगावरच्या म्हाताऱ्याचा रंग बदलला तेव्हा आमचं लक्ष गेलं. मी नळी हाताने दाबून धरली आणि दुसरी आणायला ओरडले. तो वाचला. कडी बदलणाऱ्या मेकॅनिकने ती मला दाखवली होती. माझ्या अंगठीएवढी होती. मावशींना एखाद्या दिवशी ताप आला तर तुमच्या पेट्या कोण उघडणार?

तुझी अडचण मला कळते. मीही त्याला सांगायला बसले तर माझी जीभ टाळूला चिकटेल. पण आज ना उद्या कुणीतरी सांगणारच. तो परका माणूस असण्यापेक्षा तू असावंस. एखाद्या सकाळी, त्याचा चहा झाल्यावर सांग. चहाच्या आधी नको, तो कुणाचंच ऐकत नाही.

गुडघा साथ देत असता तर मीच आले असते. इथे बसून तुला हुकूम सोडण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, याचा मला राग येतो.

तुझी आत्या

---

२१ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तू सांगितलेलं केलं नव्हतं. रोज सकाळी बाबांचा चहा व्हायचा आणि मी टिफिन भरायचे.

परवा ऑडिट झालं. परीक्षक बाई शांत होत्या, चष्मा नाकावर आणि पेन्सिल कानामागे. मिक्सिंगची खोली बघून त्यांनी मान डोलावली. एक जुनी पेटी उचलून तिच्यातलं रबर कुणी मळलं ते शोधायला सांगितलं. मिक्सिंगवाल्याने चिठ्ठीवरून लगेच स्वतःचंच नाव सांगितलं आणि छाती फुगवली. सगळे हसले. बाबाही.

मग त्या पॅकिंगपाशी आल्या. पेट्यांवर हात फिरवला आणि मावशींना सहज विचारलं की चिकटपट्टीचे दोन थर कसे? एक फाडून वर दुसरा लावलेला दिसतोय, लेखी पद्धतीत तर एकदाच पेटी बंद करायची आहे.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. प्रेस चालूच होते, पण मला त्यांचा आवाज आठवत नाही. मी तोंड उघडलं आणि काही निघालं नाही.

बाबांनी मावशींना पेटी उघडायला सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. आदल्या संध्याकाळी राहून गेलेली, अजून दुसऱ्यांदा न बघितलेली एक पेटी होती, तीच मावशींनी उघडली. शोधून एक कडी काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. धार माझ्या जागेवरून दिसत होती. बाबांनी डोळे मिटले, कडी फिरवली. पुन्हा फिरवली. मला लागत नाही, एवढंच म्हणाले. मग हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

बाईंनी विसंगती नोंदवली. त्यांचं बरोबर होतं. निघताना मला म्हणाल्या की इतक्या नीट ठेवलेल्या कारखान्यात हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

विसंगती दूर करण्यासाठी मूळ कारण लिहून पाठवावं लागतं. मी लिहिलं: अंतिम तपासनिसाच्या बोटांची संवेदना तपासण्याची सोय नव्हती. वाक्य अचूक आहे. बाबांनी ते वाचलं, सही केली, आणि संवेदना शब्द चांगला आहे असं म्हणाले.

डॉक्टरांकडे नेलं. तुझा अंदाज खरा ठरला, साखरच आहे. पथ्य पाळलं तर वाढणार नाही. गेलेली जाणीव परत येणार नाही.

तुझी भाची

---

६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. पेन हातात आहे की नाही ते दाबल्याशिवाय कळत नाही.

लेकीने तुला सगळं कळवलं असेल. एक तिला माहीत नाही, ते तुला सांगतो. मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी एकदा चष्मा विसरलो म्हणून परत गेलो होतो. जिन्यातच चिकटपट्टी फाडल्याचा आवाज ऐकला. दारातून मावशी दिसल्या. तसाच खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की चष्मा न्हाव्याकडे राहिला होता.

माल बरोबर जातोय हे कळल्यावर मी गप्प बसलो. बोललो असतो तर मावशींना रोज माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. त्यांना वाटायचं साहेबांना सोसणार नाही, आणि मला वाटायचं की त्यांना. रोज संध्याकाळी वेळेवर उठून निघायचो, त्यांना उशीर नको म्हणून.

लेकीने पद्धत लिहून आणली तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं. तिला कळलं आहे का, तिने लिहिलं आहे का, ते बघत होतो. पहिल्यांदा नव्हतं. मार्चात पुन्हा मागून घेतलं, तेव्हाही नव्हतं. पण त्या वेळी तिने माझ्याकडे न बघता पान पुढे केलं, म्हणजे तिला कळलं होतं. मला बरं वाटलं, ताई. मग भीती वाटली. ही पोर कधी पाव मिलिमीटर इकडेतिकडे करत नाही, आणि माझ्यासाठी तिने केलं. परक्या बाईसमोर तिचं तोंड बंद झालं ते माझ्यामुळे. मी आधी बोललो असतो तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

हे तिला सांगू नकोस. माझ्यापासून लपवून माझी लाज राखली, असं तिला वाटतं. तेवढं तिच्याकडे राहू दे.

तुझा धाकटा

---

१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी स्वतः पाणसळ लावून ते भिंतीवर टांगलं. मोठ्या गिऱ्हाइकाने करार वाढवला, आणि आपलं नाव यादीत बघून आणखी एकाने विचारणा केली. वाया जाणारं रबर बरंच कमी झालं आहे. मागच्या महिन्यात एक तक्रार आली, तेव्हा दुपारच्या आत तो घाणा सापडला आणि उरलेल्या पेट्या परत मागवता आल्या. एकाही माणसाला घरी पाठवावं लागलं नाही. हे सगळं खरं आहे, आणि तू विचारलंस म्हणून लिहिते आहे.

पद्धतीत आता अंतिम तपासणी मावशींची आहे, भिंग आणि मापकासह. त्यांच्या जोडीला आणखी दोघी तयार केल्या आहेत, त्यामुळे ताप आला तरी अडणार नाही. सगळ्यांची बोटं आणि डोळे ठरावीक काळाने तपासले जातात. बाबांची सही फक्त मालकाच्या जागी लागते.

तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांत बाबांबद्दल एक ओळही नव्हती. तू काही लिहायचं टाळते आहेस असं वाटलं. असेल तर असू दे.

काल मी अंतर्गत ऑडिट केलं. म्हणजे आपणच आपल्याला परीक्षक बाईंच्या नजरेने बघायचं. पॅकिंगला सगळं लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. मावशींनी तपासणी संपवली, कड्या तबकात भरल्या. आणि पेटीत घालण्याआधी ते तबक उचलून खिडकीजवळ बाबांपुढे नेऊन ठेवलं. बाबांनी डोळे मिटले आणि एकेक कडी फिरवून परत ठेवू लागले. लाल डबा त्यांच्याजवळ आता नसतोच. हे रोज होत असणार, कारण कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

ही पायरी पद्धतीत नाही. मालाला तिचा अपाय नाही, मी बघितलं. उपयोगही नाही. पुढच्या वर्षी बाई येतील तेव्हा त्यांना दिसेल. मी हातात कागद अडकवलेली फळी घेऊन उभी होते.

बाबांनी एक कडी माझ्यापुढे धरली आणि हिच्यावर काही लागतंय का, असं विचारलं. मी बोट फिरवलं. काही नव्हतं. तसं सांगितलं. मलाही तेच वाटलं, म्हणाले, आणि ती तबकात ठेवली.

मग मावशींनी पेटी बंद केली. चिकटपट्टीचा एकच थर. मी तेवढं लिहिलं.

गुडघा सांभाळ. लोभ मोजता येत नाही म्हणून आहे तेवढा असू दे.

तुझी भाची,
फूटपट्टी