डबा निवत नाही

३ मार्च १९८४
हो गो बहिनी, लागली नोकरी! म्हातारीला कोन घेतंय म्हनत होतीस ना? कारखान्यानं घेतलं. नायगावच्या मिठागरात जन्म गेला, आता वसईत पन मीठच. फक्त इथलं मीठ नखरेल. जरा दमट हवा लागली की पानी धरतं, म्हनून बंद कोरड्या खोलीत काम.

मिठाच्या नि आगीच्या पातळ वड्या एकावर एक रचायच्या, भोवती अभ्रक, अस्बेस्टॉस, मग पोलादी डब्यात बंद. झाली बॅटरी. वर्षानुवर्षं मेल्यागत पडते. ठिनगी दिली की आगीची वडी पेटते, मीठ वितळतं, वीज येते. मग निवते ती कायमची. अग्निबाणात बसवतात म्हने. मी साहेबांना म्हटलं, एकदाच तापते नि गार होते, म्हनजे अगदी नवऱ्यासारखी. पोरी लोळल्या हसून. साहेब लाल!

९ मार्च
शेजारच्या टेबलावर प्रेमला. लेकीच्या वयाची, पोटुशी. तिनं आमच्या ह्यांचं विचारलं. दिवाळीत गेले म्हटलं. नाव नाही घेतलं, कधीच घेत नाही. बांधावर उताने पडून विमानं बघायचे नि खोकायचे. दोन ठसके, दम घेऊन तिसरा. खोकन्यात पन आळस!

राख खाडीत सोडली तेव्हा चिमूटभर ठेवलेली. आज ती गुपचूप मिठाच्या वडीत दाबली. जा म्हटलं, विमानाच्या पन वर जा.

१६ मार्च
माझी ती राखेची बॅटरी चाचनीत पेटवली. झकास चालली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
सुट्टी झाली तरी डबा गरमच.

१९ मार्च
अजून गरम. रंगाला फोड आलेत. झाकनाच्या जोडावरचा डाग वितळलाय. आगीच्या वड्या केव्हाच जळून गेल्या, मग ही आग कसली, साहेबांना पन कळेना. प्रेमला चिडवते, आजी, तुमचा नवरा काही निवत नाही.
हसायला नाही आलं.

२१ मार्च
डब्याला कान लावला. आत मीठ खदखदतंय वाटलं. नाही —
दोन ठसके. दम घेऊन तिसरा.

२२ मार्च
आत काय पेटलंय बघायला उद्या डबा कापनार. कापनार प्रेमला. मी कापते म्हटलं, तर साहेब म्हनाले, आजी, तुमचे हात थरथरतात. आतलं उकळतं मीठ तिच्या तोंडावर — पोटावर — सांगू? कोन विश्वास ठेवनार? वेडी म्हनून हाकलतील, नि कापतील ते कापतीलच.

२३ मार्च
सगळ्यांच्या आधी गेले. डबा गोनपाटात उचलला. मिठागराच्या बांधावर आलेय. हात सोलले. पान्यात टाकला तर फुटेल — टाकनार. इथून प्रेमला लांब आहे, बस —

झाकन हलतंय. खोकतोय.

श्रीपत. नाव घेतलं बघ. आता तरी निव. तुला चितेच्या लाकडांवर ठेवला तेव्हा पन तू असाच खोकलास. दुसऱ्या कोनी नाही, मी ऐकलं. दमले होते रे. म्हटलं, द्या अग्नी