इंजिनावरचा हार

प्रिय दादा,

आज दसरा. सकाळी अंगणात आईनं जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले. वर्षभर तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नव्हते. रागच तेवढा होता!

राग कसला, विचारतोस? तू मेलास त्याचा. दुसरा कसला असणार?

काय हौस होती तुला त्या घरगाडीची! जुनी मिनीबस घेतलीस, आत दोन पलंग ठोकलेस, गॅसची शेगडी बसवलीस, एवढंसं बेसिनही लावलंस. मुंबईची माणसं नदीकाठी येऊन राहतील, म्हणालास. कुणी कॅम्पर म्हटलं की चिडायचास. "घर हाय ते, घर!" मग त्या घरानंच तुला कशेळ्याच्या अलीकडच्या वळणावर आंब्यावर नेऊन का आपटलं? स्टिअरिंग तुझ्या छातीत घुसलं होतं. तुला बाहेर काढायला पहार लागली. मी तिथं उभी होते दादा. मी ते सगळं पाहिलंय.

मागून येणारा दूधवाला म्हणाला, गाडी वळलीच नाही, सरळ गेली. एवढं ऐकलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, चौक गावचा गणू मिस्त्री. पूर्ण वळवलं की आपल्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंप रडायचा, आणि मिस्त्रीनंच तो नुकताच खोलून सील आणि पाइप बदलले होते.

तुला अग्नी दिला आणि माणसं घरी गेलीच नाहीत. बापूकाका, आबा गेल्यावर आपल्याला वाढवणारा आपला काका, तुझ्या दोस्तांना टेंपोत घालून थेट चौकला निघाला. मीही चढले. मिस्त्रीला गॅरेजातून ओढून काढला, त्याचा उजवा हात एका बोनेटवर दाबून धरला आणि काकानं टॉमी घातली. टेंपोच्या सीटमागची ती लोखंडी दांडी. हाड मोडल्याचा आवाज कसा असतो, ठाऊक आहे तुला? मला आहे. "आदी टाकीतलं ऑइल बघा रं! पट्टा बघा!" मिस्त्री किंचाळत होता. मला दया आली नाही. मला वाटलं, अजून एक हात शिल्लक आहे.

तुझं तेरावं झालं की गॅरेज पेटवायचं ठरलं. त्याआधी मला पुरावा हवा होता. पोलिसांनी सोडलेली गाडी आपल्या शेताच्या बांधाला आणून टाकली होती. तेराव्याच्या पंगती उठत होत्या तेव्हा मी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यात शिरले. तुझ्याबरोबर त्या गाडीखाली इतकी लोळले होते, काय शोधायचं ते मला कुणी सांगायला नको होतं.

आधी टाकी. ऑइल अगदी खुणेपर्यंत भरलेलं. माझं डोकंच फिरलं! मग पाइपावरून बोट फिरवलं, कोरडा. सील कोरडं. आंब्यानं गाडीचा उजवा कोपरा खाल्ला होता, पंप डावीकडे, त्याला ओरखडासुद्धा नाही. मग त्याची पुली हातानं फिरवून पाहिली. फिरेना. पट्टा तिच्यावर नव्हताच, तो खाली लोंबत होता. त्या पंपाचा पट्टा वेगळा, तो उतरला तरी समोर बॅटरीचा दिवा लागत नाही. तुला कळणार कसं? ऐन वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं असणार. किती ओढलं असशील रे तू!

पुलीच्या मागं काहीतरी गच्च गुंडाळलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकून काढलं. नायलॉनचा हिरवा दोरा, त्यात झेंडूचे वाळलेले देठ.

मी पान्यानं उरलेल्या काचा फोडल्या. आरसा फोडला. तुझं बेसिन फोडलं. हाताला लागेल ते फोडलं.

कारण तो हार कुणी बांधला, ते आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. गेल्या दसऱ्याला पुढच्या काचेवरचा हार सगळ्या गावानं पाहिला. पण त्याआधी आईनं तुला सीटशेजारचं इंजिनाचं झाकण उघडायला लावलं होतं. "गाडीचं काळीज हितं हाय नं? मंग हार पन हितंच." दसऱ्याचा हार कापायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, ही आपल्या घरची रीत. मी म्हटलं होतं, संध्याकाळी काढून टाक. "राहू दे गं, आईनं बांधलाय." तू असं म्हणालास! पट्टे बदलणारा, पुल्या बसवणारा तू! एकदा कात्री लावली असतीस तर काय झालं असतं? आई रुसली असती. दुसऱ्या दिवशी विसरली असती.

मी अंगणात आले तेव्हा काका पेट्रोलचा कॅन टेंपोत ठेवत होता. मी दोरा त्याच्यासमोर धरला. पंप चांगला आहे, मिस्त्रीचं काम चोख आहे, हाराचा दोरा पुलीत गुंडाळला गेला आणि पट्टा उतरला, सगळं सांगितलं. काकाच्या हातात टॉमी होती.

"इंजनावर हार कुनी बांधला?"

दारात आई उभी होती. तिच्या हातातल्या पत्रावळी एकेक करून खाली गळत होत्या.

"मी," मी म्हणाले.

टॉमी कानावर बसली. मी पडले, तर लाथा सुरू झाल्या. "भावाला खाल्लंस गं! भावाला खाल्लंस!" तुझ्या दोस्तांनी काकाला ओढलं म्हणून जगले. गॅरेज वाचलं. डाव्या कानानं मला आता ऐकू येत नाही. आई मात्र जागची हलली नव्हती. नंतर तिनं रक्त पुसलं, हळद दाबली, पण एक शब्द बोलली नाही. वर्षभर गाव मला भावाला खाणारी म्हणत राहिलं आणि ती भाकऱ्या थापत राहिली. मला तिचाही राग आला, दादा. तुझ्याइतकाच.

आणि आज! काकानं टेंपो धुऊन अंगणात लावला. आई झेंडू घेऊन बसली, पण यंदा फुलं केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवली. नायलॉनचं रीळ तिनं सकाळीच चुलीत घातलं होतं, घरभर घाण वास सुटला होता. हार झाल्यावर उठली, टेंपोच्या सीटमागून टॉमी काढली आणि काकाच्या हातात दिली.

"घ्या भावजी. गेल्या साली चुकीच्या बाईला मारलंत. त्यो हार मी बांधला व्हता. मारा."

काकानं टॉमी उचलली. खरंच उचलली! मी धावत मध्ये गेले तर आईनंच मला ढकललं. "तू बाजूला हो. तुजा मार खाऊन झालाय."

काका टेंपोकडं वळला. मग त्यानं टॉमी आपल्याच टेंपोच्या काचेवर घातली. पुन्हा घातली. काचेचा चुरा होईपर्यंत घालत राहिला आणि मग त्या चुऱ्यातच बसून गुरासारखा ओरडून रडला. आईनं हार नेऊन फुटक्या काचेच्या चौकटीवर चढवला आणि माझा डावा कान हातात धरून किती तरी वेळ उभी राहिली.

उद्या मी गणू मिस्त्रींकडे जाणार आहे. त्यांचा हात वाकडा जुळलाय, पाना धरता येत नाही. ते सांगतील, मी फिरवीन, आले तर. दारातून हाकललं तर परवा पुन्हा जाईन. घरगाडी मी उभी करणार, दादा, आणि आईला शेजारी बसवून त्याच वळणावरून कशेळ्याला नेणार. पुढच्या दसऱ्याला ती म्हणेल तिथं हार बांधू दे, इंजिनावरसुद्धा. संध्याकाळी तिच्यादेखत कात्री मी लावीन.

तुझी,
मंदा