एकोणीस घरांचे कागद

१८ नोव्हेंबर, गुंजवणे
वही आषाढात घेतली होती. रोज लिहायचं ठरवून. पहिलं पान आज. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर वही सापडेना, मी राहतो त्या शांताकाकूंच्या हॉटेलात पिठाच्या डब्यामागं पडली होती. मग भातकाढणी. खरं कारण म्हणजे मोबाईल होता, वही कोण उघडतंय. आज मोबाईल बंद आहे म्हणून लिहितोय.

झालं असं. परवा सकाळी दोन ट्रेकवाल्यांना गडाच्या वाटेला लावून परत येताना किसनमामांच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. 'सहकुटुंब या' आणि खाली फाईल. मामांच्या मुलीचं बघायचं चाललंय हे माहीत होतं. तुळशीची लग्नं नुकती झालीत, म्हणजे मोसमच पत्रिकांचा. आणि आमच्या कामथडीच्या घरात नियम आहे: पत्रिका हातात आली की उभ्याउभ्या उघडायची, मग पाणी प्यायचं. बाजूला ठेवली तर मुलीचा अपमान. मी पायवाटेवर उभ्याउभ्या उघडली.

मोबाईलनं विचारलं, अनोळखी ॲप घेऊ का? हो. मेसेज वाचू देऊ? हो. कॉन्टॅक्ट बघू देऊ? हो. मला वाटलं आजकाल पत्रिकेलाही परवानग्या लागत असतील. पत्रिका काही दिसली नाही. समोर कड्याला आग्यामोहोळाची पोळी होती, ती बघत बसलो. सात होती. एक तर हत्तीच्या कानाएवढं.

दुपारी मामा मामींच्या फोनवरून बोलले. फाईल उघडू नको, मीही अशीच एक उघडली अन् माझा मोबाईल चोरांच्या ताब्यात गेलाय. म्हटलं, मामा, उघडली. मग म्हणाले, बंद कर अन् भोरला जा.

तोवर माझ्या नंबरावरून तीच पत्रिका सगळ्यांना गेली होती. कालपासून लोक विचारतायत, नवरी कुठली. शांताकाकूंना तर राग आलाय, मला आधी सांगितलं नाहीस म्हणून.

१९ नोव्हेंबर, भोर
पहिल्या एसटीनं आलो. बाजारपेठेत वैशालीताईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सगळं ऐकून म्हणाल्या, "एवढ्या वेळा हो म्हणालास? खऱ्या लग्नात तरी जरा लाजत जा."

त्यांनी आधी सिम काढलं, मग ते ॲप शोधून काढलं. म्हणाल्या, आता सगळा मोबाईल पुसावा लागेल, आत काय काय आहे? म्हटलं, फोटो. कसले? सांगितलं तसा त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

वर वाड्यांवर झेरॉक्स नाही. वेल्ह्याला जायचं तर माणसाचा अख्खा दिवस जातो. मी कुठंतरी हिंडतच असतो, म्हणून लोक म्हणतात, दिगू, एवढं काढून आण. मी आधार, पासबुक, रेशनकार्ड, धरणात जमीन गेलेल्यांचे दाखले, सगळ्याचे फोटो काढतो आणि वेल्ह्याला गेलो की छापून, अर्ज देऊन येतो. फोटो पुसायचं कधी डोक्यातच आलं नाही. सरूबाईनं तर एटीएमचे चार आकडे पासबुकाच्याच मागं लिहिलेत. त्याचाही फोटो.

ताईंनी ते फोटो एकेक बघितले, मला नावं कागदावर लिहायला लावली. एकोणीस घरं.

"तुझं सोड रे. तू एकोणीस घरांच्या पेट्यांची कुलपं काढून ठेवलीस."

म्हटलं, सगळ्यांना मेसेज टाकतो. त्या म्हणाल्या, तुझ्या नंबरावरून आलेलं आता कुणी का मानावं? पायांनी जा, तोंडानं सांग. तीन गोष्टी: एटीएमचा नंबर बदला, आधारच्या अंगठ्याला कुलूप लावून घ्या, फोनवर कुणी आकडे मागितले तर द्यायचे नाहीत. पोलिसांकडची ऑनलाईन तक्रार त्यांनीच भरून दिली. मोबाईल आठ दिवस त्यांच्याकडं.

२१ नोव्हेंबर, गुंजवणे
पाच घरं झाली. सगळीकडं भात झोडणी, त्यामुळं नुसतं सांगून सुटका नाही. आधी झोड, मग बोल. अंगाला भाताचं कूस लागून खाजतंय. पाचही ठिकाणी जेवायला घातलं. चूक माझी आणि भाकरी त्यांची.

सरूबाईला पासबुकामागच्या आकड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग नवा नंबर तूच सांग."
मी म्हटलं, मला कळता कामा नये.
"तुला न्हाई ठावं तर ध्यानात कोन ठिवनार?"
म्हटलं, तुझ्या एकटीच्याच मनात आहे असं काहीतरी धर. विळ्यानं पेंढीचा बंद कापता कापता थांबली. मग एकदम हसली. गवसला म्हणाली. नवऱ्यानं विचारलं तर त्यालाही सांगेना. जन्मात पहिल्यांदा हिला काहीतरी लपवायला मिळालंय म्हणतो तो.

२२ नोव्हेंबर
एकच घर. वाटेत धरणाच्या काठाला पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. मीही बसलो. खरं लिहायचं तर त्यापुढचं घर तुकारामअण्णांचं होतं.

२४ नोव्हेंबर
तुकारामअण्णांकडं जाऊन आलो. त्यांची खालची सगळी भातखाचरं धरणात गेली, बदल्यात प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. तो पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये, वर धोतराचं फडकं. मुलाच्या नोकरीच्या अर्जाला लागला तेव्हा त्यांच्या बायकोनं, हिराकाकींनी, दोन दिवस समजावलं आणि मग मला फोटो काढू दिला. आधार-पासबुकाचा त्याच वेळी काढला.

सगळं सांगितलं. उभे राहून ऐकलं त्यांनी.

"जमीन गेली तवा ह्यो कागद दिला. आता ह्योबी गेला म्हन."
म्हटलं, अण्णा, मूळ कागद तुमच्यापाशीच आहे. चोरांकडं फोटो असेल, नसेलही.
"सुनंला हात लावू दिला न्हाई म्या. तुला दिला."

मग म्हणाले, माज्या अंगणात पाय ठिवू नगंस. दार लावलं. तीन गोष्टी सांगायच्या राहूनच गेल्या. हिराकाकींनी मागच्या दारानं पाण्याचा तांब्या दिला. मी बांधावर उभा राहून प्यालो. त्यांना सांगू लागलो तर आतून हाक आली, त्या गेल्या.

मुलगा चाकणला कामाला, त्याचा नंबर माझ्या बंद मोबाईलमध्ये.

२७ नोव्हेंबर, भोर
मोबाईल मिळाला. कोरा. एक नंबर नाही, एक फोटो नाही. नवीन झाडलेल्या खोलीसारखं वाटलं. वैशालीताईंनी नवा पिन मला टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आधीचा एक-दोन-तीन-चार होता हे त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असावं. व्हॉट्सॲपलाही दुसरं कुलूप लावलं.

आता माझा नियम: फोटो काढायचा, वेल्ह्याला छापायचा, कागद घरी नेऊन द्यायचा आणि त्यांच्या समोर पुसायचा. पुसलेल्याच्या टोपलीतूनही पुसायचा. ती टोपली असते हे मला आज कळलं.

एसटी चुकली. नसरापूरपर्यंत टेम्पोतून, कांद्याच्या पोत्यांवर. छान झोप लागली.

२८ नोव्हेंबर, गुंजवणे
अठरा घरं पुरी.

पण सरूबाईला काल फोन आला. बँकेतून बोलतोय, कार्ड बंद पडणार, आकडे सांगा. नावानिशी बोलला, पासबुकावरचं गावही बरोबर. सरूबाई म्हणाली, "आदी आमच्या दिग्याच्या लग्नाला या, मंग सांगते." आणि ठेवला.

वाडीभर हशा. मीही हसलो. मग उमगलं. म्हणजे फोटो खरंच पोचलेत. म्हणजे अण्णांनाही फोन येणार. ते तर सरकारी माणूस बोलतोय म्हटलं की उभे राहून बोलतात.

२९ नोव्हेंबर
अंगणात पाय ठेवायचा नाही, मग बांधावर उभा राहिलो. अण्णा पेंढ्यांची गंजी रचत होते. मी तिथूनच तिन्ही गोष्टी मोठ्यानं सांगितल्या. सरूबाईच्या फोनचंही सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. एक पेंढी ठेवली, दुसरी ठेवली. शेजारच्या खाचरातली माणसं काम थांबवून ऐकत होती, त्यातल्या एकानं माझ्याकडून तिसरी गोष्ट परत विचारून घेतली.

हिराकाकी शेणाची पाटी घेऊन जाताना हळूच म्हणाल्या, "ऐकू येतंय त्यास्नी."

ऐकू येणं वेगळं. पण आज बरं वाटलं. येताना ओढ्यात खेकडे धरले, सहा. काकूंनी रस्सा केला.

२ डिसेंबर
ऊन चांगलं आहे. भोंगवलीला ऊसतोडीचं काम आहे म्हणे, जाऊन यावं. पाय एका जागी राहत नाहीत. पिशवी भरली, मग परत सोडली. एक घर राहिलंय असं सारखं वाटतं.

सकाळी दोन घरच्यांनी परत कागद दिले. फोटो काढताना त्यातली एक म्हातारी मोबाईलमध्ये वाकून बघत होती. पुसशील नव्हं? पुसतो. माज्याम्होरं? तुझ्याम्होरं. बरं, मंग काढ.

हे लिहितोय तोवर शांताकाकू आत येऊन सांगतायत: बाहेर तुकारामअण्णा उभे आहेत. चहाला नको म्हणाले, बसायलाही नको म्हणाले. काखेत कागदांची पिशवी आहे आणि तुला मोबाईल घेऊन बाहेर बोलावलंय.